निळा दांडा

"किती?" पाटणकर साहेबांनी विचारलं.

"दोनशे चोवीस," मी म्हणाले.

"काल?"

"काल पण दोनशे चोवीस. परवा दोनशे तेवीस."

काचेपलीकडे इंजिन मिनिटाला दोन हजार फेऱ्यांवर गुरगुरत होतं. टर्बोची शीळ स्वच्छ येत होती. ज्याला इंजिनातलं ओ की ठो कळत नाही त्यालाही ऐकून वाटावं, प्रकृती ठणठणीत आहे. साहेबांनी हातानं बंद करायची खूण केली. मग माझ्या शेजारी उभ्या असलेल्या दस्तगीरमामांकडे न बघता ते म्हणाले, "इंजिन खोटं बोलत नाही. टायमिंगचा एक दात चुकलाय. दोन वाजता उतरवा आणि उघडा."

म्हणजे इंजिनातली दातेरी चाकं जुळवताना मामांचा एक दात इकडेतिकडे झालाय. मामांनी उजवा हात पँटच्या खिशात घातला. गेले दोन महिने ते असंच करायचे. हात थरथरायला लागला की खिशात.

हा कारखाना कोल्हापुरातल्या शिरोली एमआयडीसीत होता. गाड्यांची डिझेल इंजिनं जोडून द्यायचं काम. मी डिप्लोमा करून नुकतीच लागले होते. सहा महिन्यांचं प्रोबेशन, त्यातले चार झालेले. माझ्याकडे टेस्ट सेल होता, म्हणजे जोडून झालेलं इंजिन डायनोला जोडायचं आणि त्याची ताकद मोजायची. डायनो इंजिनाला ब्रेक लावून धरतो, आणि इंजिन त्याला किती जोरानं पिळतंय ते आकड्यात सांगतो. तो आकडा म्हणजे टॉर्क.

दस्तगीर मुल्लाणी, आमचे मामा, चौतीस वर्षं जोडणीवर होते. मार्चमध्ये निवृत्त होणार होते. पुण्याच्या एका गिऱ्हाइकानं नमुन्याची तीन टर्बो इंजिनं जोडायला दिली होती, ती तिन्ही मामांनीच जोडायची असं ठरलं. पहिली दोन दसऱ्याआधी गेली. दोनशे पन्नास टॉर्क हवा होता, दोन्ही इंजिनांनी तो बिनबोभाट दिला. दसऱ्यानंतर माझ्याकडे आलेलं पहिलंच इंजिन म्हणजे हे तिसरं, ते दोनशे चोवीसवर बसलं ते हलेना. चार हजार फेऱ्यांवर शंभर हॉर्सपॉवर पाहिजे, तर तिथे जेमतेम नव्वद. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला गिऱ्हाइकाचा इंजिनिअर येणार होता.

आमच्याकडे प्रत्येक इंजिनाचं जोडणीचं कार्ड असायचं. जोडणाऱ्याची त्यावर सही. इंजिन पुन्हा उघडावं लागलं तर त्याच कार्डावर लाल शाईनं 'पुनर्जोडणी' लिहायचं. मामांच्या एकाही कार्डावर चौतीस वर्षांत लाल शाई नव्हती. नव्या माणसाला कँटीन दाखवायच्या आधी ही गोष्ट सांगितली जायची.

आणि त्या वर्षी खंडेनवमीला एक गोष्ट घडली होती. यंत्रांच्या पूजेचा नारळ दरवर्षी मामा फोडायचे, सर्वांत ज्येष्ठ म्हणून. एका फटक्यात. त्या वर्षी तीन फटके लागले. पेढा खाता खाता लोक एकमेकांकडे बघत होते, मीही बघितलं. त्यामुळे दोनशे चोवीस हा आकडा आला तेव्हा कुणी फारसं चकित झालं नाही. चकित झाले ते फक्त मामा.

"साहेब," ते आता म्हणाले, "उगडल्यावर दात चुकलेला निगाला, तर मार्चपर्यंत मला स्टोअरला बसवा."

"मुल्लाणी, एवढं काही—"

"न्हाई साहेब. माज्या हातचं इंजिन मग कुणाच्या गाडीत नगं. घाटात ऐनवेळी दगा दिला तर?"

साहेब गप्प झाले. साहेब वाईट माणूस नव्हते. पण त्यांच्या गप्प बसण्याचा अर्थ 'बरं' असाच होता आणि तो आम्हा दोघांनाही कळला. मामा निघून गेले. मला रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि राग नेमका कुणाचा करायचा ते कळत नव्हतं.

मामांचा एवढा पुळका मला का, तर टेस्ट सेलमध्ये आल्यावर पहिल्या आठवड्यातच त्यांनी माझी लाज राखली होती. डिप्लोमात मला फर्स्ट क्लास होता. सूत्र पाठ होतं, टॉर्क गुणिले फेऱ्या, भागिले अमुक. पण साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, "मगदूम, टर्बो लावल्यावर आधी काय वाढतं, टॉर्क की हॉर्सपॉवर?" आणि माझी दातखीळ बसली. मामांनी शेजारून पुटपुटून उत्तर सांगितलं आणि दुपारी मला बाजूला घेऊन लांब पाना हातात दिला.

"ह्यो बोल्ट सोडव. लागला न्हवं जोर? ह्यो पीळ. तुमचा टॉर्क. आता मिनिटाला असे किती येळा पिळशील, त्याचा गुणाकार म्हंजे तुमचे घोडे. घोडे कुणी मोजत न्हाई, पोरी. मोजायचा त्यो पीळ. घोडे कागदावर येतात."

"आणि टर्बो?"

"टर्बो म्हंजे धुरावर फिरनारा पंखा. इंजिनाच्या तोंडात हवा कोंबतोय. हवा जादा, म्हनून डिझेल जादा, म्हनून पीळ जादा. पन खाली फेऱ्या कमी असल्या की धूरच कमी, मग पंखा झोपलेला. बाराशेला ह्यो झोपेत असतोय, अठराशेला उठतोय. म्हनून टर्बोचं इंजिन मधल्या फेऱ्यांत वडाय लागतंय. वर मग पीळ उतरतोय, तरी फेऱ्या वाढत्यात म्हनून घोडे वाढत जात्यात. समजलं?"

समजलं. तीन वर्षं कॉलेजात जे समजलं नव्हतं ते एका पान्यात समजलं. मी दुसऱ्या दिवशी त्यांना आमच्या इचलकरंजीच्या घरची शेंगदाण्याची चटणी नेऊन दिली.

जेवणाची सुट्टी झाली. मी डबा तसाच ठेवून टेस्ट सेलच्या केबिनमध्ये बसले आणि दुसऱ्या इंजिनाचा, म्हणजे दसऱ्याआधी पास झालेल्या इंजिनाचा आलेख काढला. आलेख तेव्हा आम्ही हातानं काढायचो. या तिसऱ्याचा कागद त्यावर ठेवला आणि दोन्ही कागद खिडकीच्या काचेला लावून उजेडात धरले. दात चुकला असेल तर वाकडेपणा कुठे आहे ते तरी बघावं, एवढाच हेतू होता. मामांना आधी सांगता आलं असतं.

वाकडेपणा नव्हता. दोन्ही रेषा जुळ्या होत्या. त्याच जागी चढत होत्या, त्याच जागी सपाट होत होत्या, त्याच जागी उतरत होत्या. तिसऱ्याची फक्त खाली होती. मी आकडे मांडले. दोन हजार फेऱ्यांना अडीचशेच्या जागी दोनशे चोवीस. चार हजारला एकशे शहात्तरच्या जागी एकशे सत्तावन्न. बाराशेला एकशे चाळीसच्या जागी एकशे पंचवीस. प्रत्येक ठिकाणी शेकड्यामागे दहा-साडेदहानं कमी.

बाराशेला सुद्धा. जिथे टर्बो झोपेत असतो तिथे सुद्धा तेवढंच कमी.

आणि मला मामांचं आणखी एक बोलणं आठवलं. श्रावणात एका इंजिनाचं काही बिनसलं होतं तेव्हा ते म्हणाले होते, "इंजिनाचं दुखनं मानसागत असतंय. सकाळी बरं, राती वाईट. खाली वडंल तर वर दम तोडंल, वर पळंल तर खाली मरगळंल. दिवसभर एकसारखा ताप दावला, तर आधी थर्मामीटर झटकून बगायचा."

माझा थर्मामीटर म्हणजे डायनो. मी फाइल काढली. डायनोचं कॅलिब्रेशन दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी झालेलं. तोलाचा सेन्सर बदलला होता म्हणून. खाली सही: प. आ. मगदूम. इतक्या ऐटीत केलेली की शेवटच्या 'म'ची शेपटी पुढच्या रकान्यात गेली होती.

कॅलिब्रेशन म्हणजे अगदी साधी गोष्ट. डायनोला एक लोखंडी दांडा आडवा बोल्टनं लावायचा, त्याच्या टोकाला मोजलेली वजनं टांगायची. दांड्याची लांबी माहीत, वजन माहीत, म्हणजे पीळ किती ते माहीत. तो आकडा यंत्राला शिकवायचा. आमच्याकडे दोन टेस्ट सेल होते, दोन डायनो, दोन दांडे. एक नंबरचा सातशे सोळा मिलिमीटर. फाइलमध्ये मी सातशे सोळाच लिहिलं होतं.

मी भिंतीकडे बघितलं. खुंटीवर दांडा लटकत होता. निळाशार. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी सगळा कारखाना धुऊन-पुसून रंगवायची पद्धत होती आणि नव्या नवरीसारखा उत्साह माझ्या अंगात होता. पंपाचा निळा रंग उरला होता. दोन्ही सेलमधले दांडे विटके दिसत होते, मी दोन्ही काढून आणले, अंगणात एकेक करून दोन हात रंग मारला, वाळल्यावर कुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. आणि परत नेऊन टांगले. कुठला कुठे, हा प्रश्न तेव्हा मला पडलाच नव्हता.

लॉकरच्या किल्लीनं मी दांड्याच्या मुळाशी रंग खरवडला. निळ्याखाली हिरवा निघाला. हिरव्याखाली लोखंडात ठोकलेले आकडे होते. आठ. शून्य. शून्य.

मी दोन नंबरच्या सेलमध्ये पळत गेले. तिथला दांडा खरवडला. सातशे सोळा.

जवळजवळ साडेआठ सेंटिमीटरचा फरक. टेबलावर शेजारी ठेवले असते तर शेंबड्या पोरालाही दिसला असता. भिंतीवर लटकणाऱ्या दांड्यात कुणाला दिसतोय? लांब दांड्यावर तेवढंच वजन जास्त पीळ देतं, आणि मी यंत्राला शिकवलं होतं की हा कमी आहे. दुकानदाराचं माप जड असलं की किलोपेक्षा जास्त साखर घातली तरी तो एकच किलो मोजतो, तसं माझं यंत्र मामांच्या चांगल्या इंजिनाला रोज कमी मोजत होतं. आणि पीळ कमी मोजला की घोडेही आपोआप कमी, कारण घोडे कुणी मोजतच नाही.

आता जे सांगते ते सांगायला आजही जीभ जड होते. माझ्या मनात आधी आलं, कुणाला कळायची गरज काय? दांडे बदलायचे. दीड वाजला होता, अर्ध्या तासात गुपचूप पुन्हा कॅलिब्रेशन करायचं आणि साहेबांना सांगायचं, सेन्सरची वायर ढिली होती. इंजिन पास, मामा सुटले, मीही सुटले. प्रोबेशनवरच्या मुलीला याहून चांगला शेवट कुठून मिळणार? हे मी दहा मिनिटं तरी मनात नीट घोळवलं. अगदी वायर कोणती ते सुद्धा ठरवलं.

पण वजनं वीस-वीस किलोची. ती उचलायला माणूस हवा होता. म्हणून मी मामांना बोलवायला जोडणीच्या शेडमध्ये गेले.

मामा जमिनीवर बसले होते. समोर जुनं धोतराचं फडकं पसरलेलं आणि त्यावर त्यांची हत्यारं. एकेक पुसून ते ओळीनं ठेवत होते. चौतीस वर्षांत स्वतःच्या पैशानं घेतलेली हत्यारं होती ती, कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. गाठोडं बांधायची तयारी चालली होती. शेजारी चहाचा ग्लास होता. मामा पूर्वी कपबशीतून प्यायचे, बशीत ओतून, फुर्र आवाज करत. बशी वाजायला लागल्यापासून ते ग्लासवर आले होते.

"ये पोरी," ते म्हणाले. "एक इचारू? खरं सांगायचं."

"विचारा."

"दात जुळवताना मी दोन डाव बगितलं हुतं. ह्या चाकाची खून आनि त्या चाकाची खून समोरासमोर. दोन डाव." ते हातातला पाना पुसत होते, तो आधीच लख्ख होता. "पन बगितलं म्हंजे दिसलंच आसंल का? कालपास्नं तेवढंच मनात येतंय. घरात सुनंनं नात हातात दिली तर मी म्हनलं, खाली ठेव बाई, माजा भरवसा न्हाई."

सेन्सरची वायर माझ्या डोक्यातून उडाली.

"मामा, तुमचं काही चुकलं नाही," मी म्हणाले. "चूक माझी आहे. मी चुकीचा दांडा लावून डायनोला माप शिकवलंय."

त्यांनी पाना खाली ठेवला नाही. तसाच धरून माझ्याकडे बघत राहिले.

"चला, दाखवते."

टेस्ट सेलमध्ये त्यांनी खरवडलेल्या जागेवरून अंगठा फिरवला. आकड्यांकडे बघितलंही नाही.

"हिरवा," ते म्हणाले. "ह्यो दोन नंबरचा. एकचा लाल, दोनचा हिरवा. म्हनून तर रंग येगळे. तुला कुनी सांगितलं न्हाई?"

"नाही."

"आमी तरी कुठं सांगितलं? आमाला वाटलं, समद्यास्नी म्हाईत हाय." मग ते वजनांच्या चळतीवर मटकन बसले. "म्हंजे माजं इंजिन?"

"चांगलं असणार, मामा."

"आसनार नगं. मोज."

दोनला पाच मिनिटं कमी असताना साहेब दोन फिटर आणि इंजिन उचलायचा साखळीचा हॉइस्ट घेऊन आले. मी दारातच उभी राहून सगळं एका दमात सांगितलं. दांडे, रंग, सही, सगळं. वायर सोडून. साहेबांनी दोन्ही दांडे शेजारी शेजारी धरले. त्यांचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल.

"आणि हे तुझ्या लक्षात कसं आलं?"

"बाराशेला पण तेवढंच कमी होतं. मामा म्हणतात, दिवसभर सारखाच ताप असला तर थर्मामीटर बघावा."

साहेबांनी फिटरांना परत जायला सांगितलं. "मोज," एवढंच म्हणाले.

लाल दांडा लावला, म्हणजे आता निळा, पण आतून लाल. वजनं मामांनी टांगली. थरथरत्या हातानं, पण एकही वजन आपटलं नाही. मी लांबी टेपनं मोजली, परत मोजली, मग साहेबांना मोजायला लावली. फाइलमध्ये नवीन पान केलं. जुनं पान फाडायला गेले तर मामांनी माझा हात धरला. "ऱ्हाऊ दे. त्येच्यावर लाल शाईनं लिही, काय चुकलं ते. मागनं येनाऱ्याला उपेग हुईल."

इंजिन गरम व्हायला वीस मिनिटं लागली. ती माझ्या आयुष्यातली सर्वांत लांब वीस मिनिटं होती. मामा काचेकडे पाठ करून उभे होते, डोळे मिटून. नुसते ऐकत होते. अठराशेला टर्बो उठला, शीळ आली. मी थ्रॉटल पूर्ण दिलं आणि दोन हजारवर आणून धरलं.

"किती?" या वेळी मामांनी विचारलं. पाठ तशीच.

मी आकडा पुन्हा एकदा वाचला.

"किती, गं?"

"दोनशे एक्कावन्न."

त्यांनी डोळे उघडले नाहीत. खांदे मात्र खाली आले. इतके खाली की मला तेव्हा कळलं, गेले तीन दिवस ते उचलूनच धरलेले होते. चार हजारला कागदावर शंभर घोडे आले. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. साहेबांनी चष्मा काढून पुसला, खूप वेळ पुसला.

"मगदूम," ते म्हणाले, "तुझं प्रोबेशन तीन महिन्यांनी वाढलं."

"हो, सर."

"आणि दोन्ही दांड्यांवरचा हा निळा उजेड आजच्या आज घासून काढायचा. तू स्वतः. लाल तो लाल, हिरवा तो हिरवा."

"हो, सर."

नोकरी गेली नव्हती. मी सँडपेपर घेऊन अंगणात बसले आणि संध्याकाळपर्यंत घासत राहिले. नखं निळी झाली. इतक्या आनंदानं मी आजवर काहीही घासलेलं नाही. पुढे बावीस वर्षं याच कामात काढली, आता माझ्या हाताखाली चार टेस्ट सेल आहेत, आणि खंडेनवमीला सगळ्याला रंग लागतो, दांड्यांना लागत नाही. त्यांना फक्त कुंकू, तेही आकड्यापासून लांब.

पण ते नंतरचं. त्या दिवशी चार वाजता मामा माझ्याशेजारी बसले होते आणि साहेब स्वतः कँटीनमधून चहाचा ट्रे घेऊन अंगणात आले. असं कधी घडलं नव्हतं. ट्रेमध्ये तीन कप होते आणि तिसऱ्या इंजिनाचं कार्ड.

"मुल्लाणी, सही राहिलीय."

तेव्हा मला कळलं की मामांनी या कार्डावर सहीच केली नव्हती. पहिल्या दिवशी दोनशे तेवीस आल्यापासून कार्ड त्यांनी कोरंच ठेवलं होतं. मामांनी पेन घेतलं. सही वेडीवाकडी आली, पण काळ्या शाईत आली.

"मी उगाच तुमच्या हातावर—" साहेब म्हणायला लागले.

मामांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. कप उचलला आणि सवयीनं चहा बशीत ओतला. दोन महिन्यांनी पहिल्यांदा. बशी वाजायला लागली, टक टक टक टक, थोडा चहा बोटांवर सांडला. साहेब दुसरीकडे बघायला लागले, मी सँडपेपरकडे. मामा मात्र बशीकडेच बघत होते, आणि हसत होते.

"थरथरतोय खरा," ते म्हणाले. "पन कुठं थरथरायचं न्हाई, त्ये त्येला म्हाईत हाय."

आणि फुर्र करून त्यांनी चहा ओढला.